खेळाचा नवा चाहता

एकाच मैदानावरच्या दोन संध्याकाळी मी आज प्रथम तुमच्यापुढे ठेवतो. मैदान मुंबईचे वानखेडे. पहिली संध्याकाळ 1 एप्रिल 2024 ची. मुंबई इंडियन्स या संघाचा नवा कर्णधार हार्दिक पंड्या नाणेफेकीसाठी मैदानात आला आणि त्याच्याच संघाच्या घरच्या प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली. गलका इतका वाढला की, नाणेफेकीच्या वेळी बोलायला उभे असलेले माजी कसोटीवीर संजय मांजरेकर यांना प्रेक्षकांना नीट वागायला सांगावे लागले. दुसरी संध्याकाळ 4 जुलै 2024 ची. वेस्ट इंडीजमध्ये वीस षटकांचा विश्वचषक जिंकून आलेला भारतीय संघ मरीन ड्राइव्हवरून मिरवत त्याच वानखेडेवर आला आणि तिथे त्याच हार्दिकच्या नावाचा जयघोष झाला. जागा तीच, माणूस तोच. मध्ये गेले ते फक्त तीन महिने.

या तीन महिन्यांत त्या खेळाडूत काय फरक पडला होता? फारसा नाही. 29 जूनला बार्बाडोसला झालेल्या अंतिम सामन्यातले शेवटचे षटक त्याने टाकले, सूर्यकुमार यादवने सीमारेषेवर डेव्हिड मिलरचा तो अवघड झेल घेतला आणि भारत 7 धावांनी जिंकला, हे खरे. पण एप्रिलमध्येही तो हाच गोलंदाज होता. फरक पडला तो आपल्यात, म्हणजे पाहणाऱ्यांत. एका माणसावर इतक्या लवकर चिडायचे आणि इतक्या लवकर त्याला डोक्यावर घ्यायचे, ही सवय आपल्याला लागली कशी? खेळाचा चाहता हल्ली बदलतो आहे, तो कसा आणि कशामुळे, याचा विचार आपण आज करणार आहोत.

आधी भांडणाचे मूळ पाहू. मुंबईच्या या संघाने रोहित शर्माच्या नेतृत्वाखाली 2013 ते 2020 या काळात पाच वेळा आय.पी.एल. जिंकली. डिसेंबर 2023 मध्ये संघाच्या मालकांनी रोहितला बाजूला करून गुजरातच्या संघातून परत आणलेल्या हार्दिकला कर्णधार नेमले. चाहत्यांना वाईट वाटले, आणि ते स्वाभाविक होते. पूर्वीच्या काळी असे काही झाले असते, तर पानाच्या दुकानासमोर चार दिवस वाद झाला असता, दोन-चार पत्रे वर्तमानपत्रांकडे गेली असती आणि हंगाम सुरू होईपर्यंत राग निवळला असता. या वेळी तसे झाले नाही. बातमी येताच काही तासांत संघाच्या समाजमाध्यमांवरच्या खात्याचा लाखो लोकांनी त्याग केला. पुढचे तीन महिने तो राग मोबाईलवर रोज तापत राहिला. त्यामुळे सामने सुरू झाले, तेव्हा पहिला चेंडू पडण्याआधीच निकाल लागलेला होता. मैदानात आलेला प्रेक्षक खेळ पाहायला आलेला नव्हता. घरून आणलेला राग त्याला तिथे मोकळा करायचा होता.

याच हंगामात, मार्च 2024 च्या अखेरीस, कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका गावात काय घडले ते आपल्यापैकी कित्येकांनी वाचले असेल. टीव्हीवर मुंबईचा सामना चालू होता. रोहित बाद झाला. एक वयस्क शेतकरी मुंबईच्या चाहत्यांची थट्टा करणारे काहीतरी बोलले. दोघांना त्याचा राग आला. त्यांनी त्यांना मारहाण केली आणि त्यात त्यांचा जीव गेला. गाव एकच, माणसे एकमेकांच्या ओळखीची आणि भांडणाचे कारण काय, तर शेकडो मैल दूर चाललेल्या खेळातला एक बळी! या घटनेचा दोष मोबाईलवर ढकलता येणार नाही, तो मारणाऱ्यांचा. पण खेळाची आवड माणसाला कुठवर नेऊ शकते, हे आपल्या उंबऱ्याशी येऊन कळले. म्हणून हा विषय केवळ शहरातल्या रिकामटेकड्यांचा आहे, असे कुणी समजू नये.

आता एक गोष्ट मोकळेपणाने कबूल करू. पूर्वीचा चाहता साधुसंत होता, असे मुळीच नाही. 1971 साली अजित वाडेकरांच्या संघाने प्रथम वेस्ट इंडीजला आणि मग इंग्लंडला त्यांच्याच देशात हरवले, तेव्हा मुंबईने त्यांना डोक्यावर घेतले. त्या विजयाच्या आनंदात इंदूरला एक भली मोठी सिमेंटची बॅट उभारण्यात आली. 1974 च्या उन्हाळ्यात तोच संघ इंग्लंडमध्ये तिन्ही कसोट्या हरला. लॉर्ड्सवर तर सगळा डाव 42 धावांत आटोपला. तेव्हा वाडेकरांच्या घरावर दगड पडले आणि इंदूरच्या त्या बॅटला लोकांनी काळे फासले. पुढे 13 मार्च 1996 रोजी कलकत्त्याच्या ईडन गार्डनवर विश्वचषकाचा उपांत्य सामना भारत हरतो आहे असे दिसताच प्रेक्षकांनी मैदानात बाटल्या फेकल्या, बाकांपाशी जाळपोळ केली आणि शेवटी सामनाधिकाऱ्यांना सामना श्रीलंकेला बहाल करावा लागला. तेव्हा ना फेसबुक होते, ना इन्स्टाग्राम. म्हणजे चाहत्याच्या मनातला हा विंचू जुनाच आहे. मग नवे काय?

नवे हे की, पूर्वी दगड मारायलाही माणसाला घराबाहेर पडावे लागे. चपला घालाव्या लागत, रस्ता चालावा लागे. वाटेत कुणीतरी विचारी, "काय रे, कुठं निघालास?" त्या प्रश्नाने निम्मे लोक परत फिरत. निनावी पत्रे तेव्हाही येत. पण एका माणसाला एका रात्रीत लाख निनावी पत्रे येत नसत. आज तो मधला रस्ताच उरलेला नाही. राग मनात आला की अंगठा हलतो आणि गोष्ट होऊन जाते.

दुसरे असे की, पूर्वी आपण खेळ एकत्र ऐकत आणि पाहत असू. रेडिओवरून बाळ ज. पंडितांनी मराठीतून क्रिकेटचे धावते वर्णन घराघरांत नेले. गावात रेडिओ थोडे, त्यामुळे एका रेडिओभोवती दहा-वीस माणसे. त्यांत म्हातारे असत, पोरे असत, निरनिराळ्या आळीतली माणसे असत. एखाद्याने खेळाडूला भलतीच शिवी हासडली, तर कुणीतरी वडीलधारा म्हणे, "अरे, तोंड सांभाळ, बायाबापड्या ऐकताहेत." तो मुकाट बसे. या बसण्याला आपण संगत म्हणतो. संगतीत उत्साह असतो आणि लगामही असतो. आज सामना पाहणारा पुष्कळदा एकटा असतो. हातातला मोबाईल त्याचा एकट्याचा. आणि तरीही तो एकटा नसतो. कारण पडद्याआड लाखो माणसे त्याच्यासारखीच एकटी बसलेली असतात. ही झाली गर्दी. तिला उत्साह आहे, लगाम नाही. पूर्वीच्या आणि आजच्या चाहत्यातला मोठा फरक मला विचाराल, तर तो हाच: संगत गेली आणि गर्दी आली.

तिसरा बदल निष्ठेचा. निष्ठा पूर्वी जागेला बांधलेली असे. कोल्हापूरचा फुटबॉल पाहा. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम ही नावे मुळी पेठांची आणि तालमींची. शाहू स्टेडियमवर आपली तालीम खेळणार म्हटले की अख्खी पेठ तिकडे लोटते, कारण त्या संघातला मुलगा आपल्या बोळातला असतो. तो चुकला तरी दुसऱ्या दिवशी दुधाच्या रांगेत भेटतो. त्याच कोल्हापुरात फुटबॉलच्या विश्वचषकाच्या दिवसांत अर्जेंटिना आणि ब्राझीलचे झेंडे लागतात. केरळात 2022 साली तर कोळिकोड जिल्ह्यात पुल्लावूरच्या नदीत मेस्सी, नेमार आणि रोनाल्डो यांच्या अवाढव्य प्रतिमा उभ्या केल्या गेल्या आणि ते छायाचित्र जगभर फिरले. यात वाईट काहीच नाही. माणसाचे मन मोठे होते. पण दूरच्या खेळाडूचे आपल्याला सगळे दिसते, आपल्याला मात्र त्याच्या लेखी अस्तित्व नसते. शिवाय समाजमाध्यमांवर खेळाडू स्वतःच बोलतो, स्वतःचे घर दाखवतो, मुलांचे वाढदिवस दाखवतो. मध्ये बातमीदार नाही, संपादक नाही. त्यामुळे चाहत्याला वाटू लागते, हा आपल्या घरातलाच. आणि घरातला माणूस चुकला की आपण त्याच्यावर जास्त चिडतो, हा तर नेहमीचा अनुभव.

त्यातूनच निष्ठा संघावरून व्यक्तीवर सरकली. रोहितचे चाहते आणि विराटचे चाहते असे दोन तट पडले. दोघेही एकाच भारतीय संघातून खेळले. पण त्यांचे चाहते मात्र जणू दोन वेगळ्या देशांचे असावेत, तसे भांडत आले आहेत.

आता या यंत्राच्या पोटात काय चालते, ते थोडे उलगडून पाहू. शिक्षकबंधूंनी हा भाग मुलांना जरूर समजावून द्यावा. मोबाईलवर आपल्यापुढे जे येते, ते घडले त्या क्रमाने येत नाही. कोणती गोष्ट कोणाला आधी दाखवायची, हे कंपनीची गणिती यंत्रणा ठरवते. तुम्ही एखाद्या चित्रफितीवर किती वेळ थांबलात, तिला पसंती दिलीत का, उत्तर लिहिलेत का, दुसऱ्याला पाठवलीत का, याचा हिशेब ती ठेवते आणि तुम्हाला अधिक वेळ बसवून ठेवील असा माल पुढे करते. यंत्राला राग आणि प्रेम यांतला फरक कळत नाही. त्याला फक्त हालचाल कळते. आणि चिडलेला माणूस फार हालचाल करतो. तो उत्तर लिहितो, त्याला दुसरा उत्तर देतो, तिसरा ते भांडण चौथ्याला दाखवतो. 2021 साली फेसबुक कंपनीची अंतर्गत कागदपत्रे बाहेर आली. त्यांवरून असे दिसले की, 2017 पासून काही काळ राग, हसू, बदाम अशा भावचिन्हांना साध्या 'लाइक'च्या पाचपट वजन दिले गेले होते. पुढे रागाच्या चिन्हाचे वजन कंपनीने शून्यावर आणले. म्हणजे आपल्या रागाला काही काळ बाजारभाव होता, आणि आपल्याला त्याची खबरही नव्हती.

बाजारभावाचे बोललो, तर खेळाच्या बाजाराकडेही एकदा पाहू. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत क्रिकेटचा सामना दाखवायचा, तर दूरदर्शनच क्रिकेट मंडळाकडे पैसे मागे. जून 2022 मध्ये आय.पी.एल.च्या 2023 ते 2027 या पाच वर्षांच्या प्रक्षेपणाचे हक्क विकले गेले, ते 48,390 कोटी रुपयांना. त्यांत भारतातल्या दूरचित्रवाणीचे हक्क 23,575 कोटींना गेले आणि इंटरनेटवरून दाखवण्याच्या हक्कांना त्याहून थोडे अधिकच मिळाले. आणि गंमत अशी की, 2023 साली इंटरनेटवर हे सामने पाहायला प्रेक्षकाला एक पैसा द्यावा लागला नाही. मराठीतूनसुद्धा समालोचन होते. फुकटात कुणी कुणाला जेवू घालतो का? इथे विकला जात होता तो प्रेक्षकाचा वेळ. तो जाहिरातदारांनी विकत घेतला. चाहता स्वतःला पाहुणा समजत होता. वास्तविक तो दुकानात मांडलेला माल होता.

या बाजाराचा आणखी एक फाटा खेड्यापाड्यांतल्या तरुणांना फार महाग पडला. मोबाईलवर आपला संघ निवडायचा, पैसे लावायचे आणि खेळाडूच्या धावांवर बक्षिसाची वाट पाहायची, असे खेळ काही वर्षे जोरात चालले. चाहता सामना पाहीनासा झाला. तो आपले पैसे पाहू लागला. आपण लावलेला फलंदाज बाद झाला की त्याला शिव्या देऊ लागला. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने कायदा करून पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली. कायदा झाला हे ठीक. पण सवय कायद्याने एका दिवसात जात नाही, हे दारूबंदीच्या अनुभवावरून आपल्याला माहीत आहेच.

आता या सगळ्याची किंमत कोण देतो, ते पाहू. 24 ऑक्टोबर 2021 रोजी दुबईला भारत पाकिस्तानकडून दहा गडी राखून हरला. अकरा जण हरले. पण समाजमाध्यमांवर शिव्या पडल्या त्या विशेषकरून महंमद शमीला, आणि त्याही त्याच्या धर्मावरून. कर्णधार विराट कोहली जाहीरपणे शमीच्या बाजूने उभा राहिला, तेव्हा कोहलीच्या तान्ह्या मुलीबद्दल अत्यंत घाणेरडी धमकी कुणीतरी लिहिली. 4 सप्टेंबर 2022 रोजी आशिया चषकात तरुण गोलंदाज अर्शदीप सिंगच्या हातून एक झेल सुटला. रात्र संपायच्या आत इंटरनेटवरच्या ज्ञानकोशातली त्याची माहिती बदलून त्याचा संबंध खलिस्तानशी जोडण्यात आला. केंद्र सरकारला त्यात लक्ष घालावे लागले. झेल सुटणे हा खेळाचा भाग आहे. सुटलेल्या झेलावरून माणसाची जात, धर्म, देशभक्ती मोजणे हा खेळ नव्हे.

हे फक्त आपल्याकडेच घडते असेही नाही. 11 जुलै 2021 रोजी लंडनला युरोपीय फुटबॉलच्या अंतिम सामन्यात इंग्लंड पेनल्टीवर हरले. रॅशफर्ड, सँचो आणि साका या तीन कृष्णवर्णी तरुणांच्या पेनल्टी हुकल्या होत्या. त्यांच्यावर वर्णद्वेषी शिव्यांचा पाऊस पडला. मँचेस्टरमध्ये भिंतीवर काढलेले रॅशफर्डचे चित्रही कुणीतरी विद्रूप केले. पण इथे एक गोष्ट मुद्दाम सांगण्यासारखी आहे. दुसऱ्या दिवशी त्या वस्तीतली माणसे, शाळकरी मुलेसुद्धा, त्या भिंतीपाशी आली आणि त्यांनी धीराच्या चिठ्ठ्या चिकटवून ती भिंत भरून टाकली. गर्दीने जे केले, ते संगतीने पुसले.

आणि गर्दी मोबाईलमधून बाहेर येऊन रस्त्यावर उतरली, तर काय होते, ते बेंगळूरुने पाहिले. 3 जून 2025 रोजी तिथल्या संघाने अठराव्या हंगामात पहिल्यांदा आय.पी.एल. जिंकली. दुसऱ्याच दिवशी चिन्नास्वामी स्टेडियमबाहेर लाखोंचा लोंढा लोटला आणि चेंगराचेंगरीत 11 माणसे दगावली. पोलिसांची रीतसर परवानगी हाती नसतानाच क्लबने समाजमाध्यमावरून मिरवणुकीचे आमंत्रण दिले, असे कर्नाटक सरकारने आपल्या अहवालात उच्च न्यायालयापुढे मांडले. पूर्वी मिरवणुकीची दवंडी पिटायला दिवस लागे, आणि त्या दिवसात बंदोबस्त होई. आता दवंडी एका क्षणात लाखोंच्या कानी जाते. रस्ते आणि फाटके मात्र होती तेवढीच राहतात.

इतके ऐकून कुणी म्हणेल, "मग मोबाईल विहिरीत टाकावा की काय?" तसे माझे म्हणणे नाही. या साधनाने काही चांगल्या गोष्टी केल्या, त्या नाकारणे हा कृतघ्नपणा होईल. ज्या खेळांना वर्तमानपत्रात चार ओळी मिळत नव्हत्या, ते आज लोकांपुढे आले. गावातल्या टेनिस चेंडूच्या स्पर्धा, कुस्तीची मैदाने, कबड्डीचे सामने आज थेट मोबाईलवर दिसतात, आणि मुंबईला हमाली करणारा किंवा आखातात नोकरीला गेलेला माणूस आपल्या गावचा फड तिथे बसून पाहतो. 2 नोव्हेंबर 2025 रोजी नवी मुंबईला आपल्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला 52 धावांनी हरवून विश्वचषक जिंकला. सांगलीची स्मृती मानधना, मुंबईची जेमिमा रॉड्रिग्ज ही नावे आज खेड्यातल्या शाळकरी मुलींच्या तोंडी आहेत. त्याच जेमिमाने उपांत्य सामन्यात ऑस्ट्रेलियाविरुद्ध नाबाद 127 धावा काढल्या आणि नंतर, त्या दिवसांत आपले मन किती खचले होते, हे रडत रडत सर्वांपुढे सांगितले. ते बोलणेही मोबाईलवरूनच घरोघरी पोचले, आणि खेळाडू हा हाडामांसाचा माणूस असतो, हे पुष्कळांना त्यातून कळले.

शिवाय चाहते शहाणपणाने एकत्र आले, तर त्यांचा शब्द मोठमोठ्या धनिकांनाही ऐकावा लागतो. 18 एप्रिल 2021 रोजी युरोपातल्या बारा श्रीमंत फुटबॉल क्लबांनी आपली वेगळी स्पर्धा काढण्याची घोषणा केली. लहान क्लबांना तिथे जवळजवळ मज्जावच होता. इंग्लंडमधले चाहते खवळले; समाजमाध्यमांवर त्यांनी आवाज उठवला आणि मैदानांबाहेर उभे राहून निषेध केला. दोनच दिवसांत सहाही इंग्लिश क्लबांनी माघार घेतली. इथेही रागच होता, नाही का? पण तो राग एका माणसाच्या चुकीवर नव्हता. तो अन्यायावर होता. आणि तो चेहरा झाकून आलेला नव्हता.

तेव्हा प्रश्न मोबाईलचा नाही; मोबाईलभोवती पुन्हा संगत कशी बसवायची, हा आहे. आणि इथे गावातल्या शिक्षकाला जे करता येईल, ते कंपन्यांना आणि पोलिसांना करता येणार नाही. दोन-तीन साध्या गोष्टी सुचवतो.

पहिली गोष्ट, एक षटक थांबण्याची. झेल सुटला, सामना हरला, राग आला, तर काहीही लिहिण्यापूर्वी किंवा पुढे पाठवण्यापूर्वी सहा चेंडू होईपर्यंत थांबायचे. मुलांना ही भाषा पटकन कळते. सहा चेंडूंत सामन्याचे चित्र बदलते, तसे मनाचेही बदलते. आपल्या विद्यार्थ्यांकडून हा नियम आठवडाभर पाळून घ्यावा आणि मग काय अनुभव आला, ते वर्गात बोलावे.

दुसरी गोष्ट, तुकड्याऐवजी अख्खा खेळ पाहण्याची. मुलांचा खेळ हल्ली अर्ध्या मिनिटाच्या चित्रफितींत येतो. अशी एखादी चित्रफीत घेऊन चार प्रश्न विचारावेत: हिच्या आधी काय घडले? नंतर काय घडले? हा तुकडा कुणी कापला? तो आपल्याला दाखवून त्याचा काय फायदा? मग शक्य तर त्याच सामन्याची पाच षटके एकत्र बसून पाहावीत आणि प्रत्येकाने दहा ओळींत वर्णन लिहावे. अट एकच: खेळाडूने काय केले ते लिहायचे, तो कसा माणूस आहे ते लिहायचे नाही. मराठीच्या तासाचेही काम होईल आणि खेळाचेही.

तिसरी गोष्ट, गावच्या मैदानाची. जो मुलगा स्वतः खेळतो, उन्हात झेल घेताना ज्याच्या हातून चेंडू निसटलेला असतो, तो दुसऱ्याच्या सुटलेल्या झेलाला सहसा शिव्या देत नाही. त्याला ठाऊक असते की चेंडू डोळ्यांपुढे आला, तरी ऐन वेळी हात कसा दगा देतो.

शेवटी चाहता या शब्दाकडे वळू. इंग्रजीतला 'फॅन' हा शब्द वेडाने झपाटलेला अशा अर्थाच्या शब्दाचा तुकडा आहे, असे मानले जाते. आपला 'चाहता' मात्र चाहणारा आहे, म्हणजे प्रेम करणारा. त्या प्रेमाचे एक उदाहरण आपल्याच मातीत आहे. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव 1952 साली हेलसिंकी ऑलिंपिकला निघाले, तेव्हा पैशाची अडचण होती. लोकांनी वर्गणी काढली. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होते. गावकऱ्यांनी बैलगाड्या जुंपून त्यांची मिरवणूक काढली. पुढे खाशाबांनी कुस्त्या लढवून मिळालेल्या पैशातून खर्डेकरांचे घर सोडवले, असे सांगतात.

त्यानंतर 72 वर्षांनी, 1 ऑगस्ट 2024 रोजी, राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिसला नेमबाजीत कांस्यपदक मिळवले. या वेळी बातमी यायला दिवस लागले नाहीत. त्याची शेवटची गोळी सुटली ती महाराष्ट्राने त्याच क्षणी मोबाईलवर पाहिली. हे भाग्य खाशाबांच्या गावकऱ्यांना मिळाले नव्हते. त्यांच्याजवळ मोबाईल नव्हता, चित्र नव्हते, थेट वर्णनही नव्हते. त्यांच्याजवळ होते ते गाठीचे चार पैसे आणि बैलगाड्या, आणि त्यांनी ते दिले.

आपल्या वर्गातल्या मुलांना तेव्हा एवढेच विचारावे: तुझ्या आवडत्या खेळाडूसाठी तू आजवर काय दिलेस? कुणी म्हणेल, मी त्याची चित्रे जमवली. कुणी म्हणेल, मी त्याच्यासाठी भांडलो. एखादा उठून म्हणेल, "सर, तो हरला त्या दिवशी मी काही लिहिलं नाही." त्या मुलाची पाठ थोपटावी.